पेशीमागे एक

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘कशावरून’ म्हणत. कुणीतरी कधीतरी चेष्टेत ठेवलेलं नाव, पण अंगाला असं चिकटलं की खरं नाव फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलं. कुणी म्हणालं, ‘यंत्र तापलंय’, की ही विचारणार, ‘‘कशावरून?’’ कुणी म्हणालं, ‘आज चहा बरा झालाय’, तरी तेच. तिचा नवरा तर येईल-जाईल त्याला सांगायचा, ‘‘मी हिला म्हणालो, तू मला आवडतेस. तर ही लाजायचं सोडून म्हणते, कशावरून?’’

तिचं काम होतं विषाणू मोजायचं. त्या इस्पितळात रक्ताच्या कर्करोगावर मूळपेशींचं प्रत्यारोपण होत असे. म्हणजे रोग्याची बिघडलेली अस्थिमज्जा औषधांनी पार साफ करायची आणि रिकाम्या जागेत दुसऱ्या निरोगी माणसाच्या मूळपेशी पेरायच्या. त्या हाडांत जाऊन आपोआप आपली जागा शोधतात, रुजतात आणि नवं रक्त घडवू लागतात. त्यांना वाट कोण दाखवतं, देव जाणे. पण त्या उगवून येईपर्यंत शरीराला राखणदार नसतो. एरवी मुकाट पडून असलेले जुनेपुराणे विषाणू हीच वेळ साधून डोकं वर काढतात. म्हणून वॉर्डातून रक्ताच्या नळ्या खाली यायच्या आणि दर मिलिलिटर रक्तात किती विषाणू, तो आकडा वर जायचा. नळी कुणाची, माणूस कसा दिसतो, काय बोलतो, याच्याशी खालच्यांना देणंघेणं नसे. तशी रीतच होती.

कशावरूनने मात्र स्वतःपुरता एक नेम घालून घेतला होता. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी एका रोग्याचे सगळे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. आजचा आकडा म्हणजे नुसता फोटो, माणूस कुठून कुठे चाललाय ते त्यात दिसत नाही, असं तिचं म्हणणं. घाई असो, डोकं दुखत असो, नेम म्हणजे नेम.

त्या सकाळी नेमात आली ती पडदे शिवणारी एक बाई. सख्ख्या थोरल्या भावाच्या मूळपेशी तिला दिल्या होत्या. प्रत्यारोपणाआधीच्या रक्तात विषाणू नव्हता. मग एकाएकी ‘सहावा’ उगवला. नागिणीचा विषाणू सगळ्यांना ठाऊक असतो, हा त्याच्याच भावकीतला, क्रमाने सहावा. तान्हेपणी जवळजवळ प्रत्येकाला एकदा ताप नि पुरळ देऊन जातो आणि मग शरीरातच कुठेतरी ताणून देतो. प्रत्यारोपणानंतर जागा झाला तर कधीकधी थेट मेंदूवर जातो, म्हणून त्याचा धसका. आणि या बाईच्या रक्तात तो दर खेपेला वाढतच होता. शेवटचा आकडा तर असा, की खालच्या सगळ्यांनी यंत्रच चुकलं म्हणून पुन्हा मोजला होता. आकडा तोच आला.

कशावरून त्या आकड्यांकडे बघत बसली. काहीतरी टोचत होतं. चपलेत खडा असावा तसं.

विषाणू जागा झाला की उधळतो. आज एक, उद्या दहा, परवा हजार. हा मात्र कसा चालला होता? पायरीपायरीने, जपून, जिन्यात गुडघे धरून चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. इतका शिस्तीचा विषाणू तिने जन्मात पाहिला नव्हता. मग ही शिस्त कुणाची? या बाईच्या शरीरात आणखी काय असं पायरीपायरीने वाढतंय?

तिने शेजारच्या रकान्यातले पांढऱ्या पेशींचे आकडे घेतले. भावाच्या पेशी रुजल्या होत्या, रोज थोड्या थोड्या वाढत होत्या. तिने विषाणूंच्या आकड्याला पेशींच्या आकड्याने भागलं. उत्तर आलं, जवळजवळ एक. त्याच्या आधीच्या खेपेचं भागलं. एक. त्याच्याही आधीचं. पुन्हा एक.

तिच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. दर पेशीमागे एक विषाणू. ना कमी, ना जास्त. आजवर हे कुणाला दिसलं नाही, कारण ते विषाणू रक्ताच्या मापाने मोजत होते, पेशीच्या मापाने कुणी मोजलेच नव्हते. घरात माणसं वाढली की चपलांचे जोड वाढणारच. पण दारातले जोड तेवढे मोजून ‘चोर शिरले, चोर शिरले’ म्हणायचं, त्यातली गत.

ती उठली ती तडक मोठ्या डॉक्टरांकडे. हे प्रत्यारोपण विभागाचे प्रमुख. एके काळी त्यांनीच तिला शिकवलेलं, त्यामुळे तिला अजून अगं-तुगं करणारे.

‘‘सर, पडदेवाल्या बाईंना सहाव्याचं औषध देताय?’’

‘‘आज संध्याकाळी लावतोय. का गं?’’

‘‘ते औषध नव्या पेशींनाच मारतं.’’

‘‘तू मला शिकव आता!’’ डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘‘मारतं, माहितेय मला. भावाने दिलेलं रोप आत्ता कुठे दोन पानांवर आलंय. त्याच्यावर उकळतं पाणी ओतायला मला हौस आहे का? पण नाही दिलं आणि विषाणू मेंदूत गेला तर?’’

‘‘पण हा आजारच नसला तर?’’

डॉक्टर हसले. ‘‘कशावरून?’’

सगळ्या इस्पितळाला तिचं हे नाव ठाऊक होतं. तीही हसली आणि तिने पेशीमागे एकचं गणित सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

‘‘म्हणजे तुझं म्हणणं, विषाणू भावाच्या गुणसूत्रातच शिवलेला आहे?’’

‘‘हो. शंभरात एखादा माणूस असा असतो, आपण वाचलंय. कुण्या खापरपणज्याच्या काळी विषाणू बीजात शिरला आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिला. मग बापाकडून पोराला, आईकडून लेकीला, नाकाडोळ्यांसारखा. अशा माणसाच्या प्रत्येक पेशीत तो असतो आणि माणूस ठणठणीत असतो. बाईंच्या अंगात विषाणू वाढत नाहीये सर. भाऊ वाढतोय.’’

‘‘गोष्ट झकास आहे,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पण दोन गाठी सोडव. एक, भावाच्या रक्तात सहावा सापडला म्हणून मी मानणार नाही. त्याला ताजा संसर्ग झाला असेल तरी रक्तात सापडेलच.’’

‘‘केसाचं मूळ तपासते. तिथे रक्त नसतं. तिथेही पेशीमागे एकच आला तर तो जन्माचा.’’

‘‘ठीक. आणि दुसरी गाठ जास्त घट्ट आहे. बाई भ्रमात बोलायला लागल्यात. काल म्हणाल्या, समोर घोडा उभा आहे, पांढरा. आज सकाळी म्हणाल्या, घोड्याचं खोगीर लाल झालं. मेंदूला सूज येते तेव्हा असंच सुरू होतं. मी गणित बघत बसू की घोडा बघू?’’

 गणितात घोडा बसत नव्हता.

‘‘संध्याकाळपर्यंत वेळ आहे,’’ डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. ‘‘तू बरोबर निघालीस तर मला आनंदच आहे. पण त्या बाईंचा मेंदू पणाला लावून मी वाट बघणार नाही.’’

वॉर्डाबाहेरच्या बाकावर भाऊ बसला होता. धंद्याने बसड्रायव्हर, अंगाने दांडगा, आणि डोकं असं गुळगुळीत की दिव्याचं प्रतिबिंब पडावं. डोक्यावरची सगळी कसर मात्र मिशीने भरून काढली होती. काळीभोर, टोकांना पीळ दिलेली, बघणाऱ्याने आधी मिशीला नमस्कार करून मग माणसाकडे वळावं अशी.

कशावरूनने स्वतःची ओळख करून दिली. तो ताडकन उठला.

‘‘मॅडम, खरं सांगा. माझ्याकडूनच गेला ना तो जंतू तिला? सगळे तोंडावर गोड बोलतात. पण तिच्या आधीच्या रक्तात नव्हता, माझ्या पेशी घातल्या आणि आला. मला काय कळत नाही? सबंध जन्म मी तिच्या केसालाही धक्का लागू दिला नाही आणि शेवटी मीच…’’ पुढचं त्याने मिशीतच गिळलं.

तिला खोटा धीर देता येत नसे. ‘‘तुमच्याकडूनच गेला असावा,’’ ती हळू आवाजात म्हणाली. तो मटकन खाली बसला. तीही शेजारी बसली. ‘‘पण तो जंतू आहे की तुमच्या घराण्याची खूण, हे बघायचंय. त्यासाठी मला तुमचे दहाबारा केस हवेत. मुळासकट.’’

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या टाळूवरून हात फिरवला.

‘‘ताई, चेष्टा करताय का गरिबाची?’’

आता कुठे तिच्या ध्यानात आलं. सबंध सकाळ गणितात घालवली होती, माणसाच्या डोक्याचा विचारच केला नव्हता. तिची नजर खाली सरकली आणि मिशीवर येऊन थांबली. त्याने पटकन दोन्ही हात मिशीवर ठेवले.

‘‘नाही हां. ही नाही. भुवईतले घ्या.’’

‘‘भुवईचे केस बारीक. मूळ तुटतं.’’

‘‘वडिलांसारखी आहे हो ही मिशी! हुबेहूब! त्यांचं टक्कल आलं वाट्याला, म्हटलं निदान मिशी तरी…’’ तो थांबला. वॉर्डाच्या बंद दाराकडे एकदा बघितलं, डोळे गच्च मिटले आणि हनुवटी पुढे केली. ‘‘घ्या. पण एकाच बाजूचे घेऊ नका, वाकडी दिसेल.’’

चिमट्याने एकेक केस निघत गेला. एवढा दांडगा गडी, पण दर केसागणिक डोळ्यांतून पाणी आणि तोंडून ‘आई गं’. सहावा केस निघताना त्याने विचारलं, ‘‘सापडला तर चांगलं की वाईट?’’

‘‘सापडला तर चांगलं.’’

‘‘मग आणखी घ्या,’’ तो म्हणाला. ‘‘सगळी घ्या मेली!’’

केसांची नळी मदतनिसाच्या हाती खाली पाठवून ती तिथेच रेंगाळली. घोडा डोक्यातून जात नव्हता. प्रयोगशाळेतली माणसं कधी रोग्याच्या खोलीत जात नसत. तिने मनाचा हिय्या केला, हात धुतले, अंगरखा-टोपी-मुखपट्टी चढवली आणि आत गेली.

पलंगावर उशीला टेकून एक किडकिडीत बाई पडली होती. डोकं भावासारखंच चकचकीत. नर्सबाई सलाईनची बाटली बदलत होत्या. ‘‘खालच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम,’’ त्यांनी ओळख करून दिली.

‘‘तुम्हीच का माझं रक्त पिणाऱ्या?’’ बाईने क्षीण आवाजात विचारलं.

‘‘पिणारी नाही, मोजणारी.’’

‘‘बाहेर दादा ओरडत होता. काय केलंत त्याला?’’

‘‘मिशी उपटली. थोडीशी.’’

बाईला हसू फुटलं, मग खोकला आला. ‘‘बरं केलंत. लहानपणी मला म्हणायचा, तुला रस्त्यावरून उचलून आणलंय, तू आमची नाहीसच. बाबांचं एक तरी काही आहे का तुझ्यात, दाखव! मी रडून रडून घर डोक्यावर घ्यायचे. मग पेशी जुळल्या तेव्हा म्हणाला, हरलो बाई.’’

ही भ्रमातली बाई? कशावरूनने हळूच विचारलं, ‘‘घोडा कुठे आहे हो?’’

बाईचा चेहरा उतरला. ‘‘राहू दे. मी घोडा म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात.’’

‘‘मी नाही बघणार. मला नुसतं कुठे ते सांगा.’’

बाईने खिडकीकडे बोट केलं. ‘‘तो काय. आता पोटाखाली निळी झालर रंगवलीये. रंग चुकला, लाल खोगिराखाली पिवळी शोभली असती.’’

कशावरूनने पाहिलं. खिडकीचा पडदा ऊन लागू नये म्हणून वरून निम्म्याच्या खाली ओढलेला. उरलेल्या फटीतून समोरच्या इमारतीची भिंत, दुसरं काही नाही. नर्सबाईंनी तिला डोळ्यांनीच खुणावलं, बघा, हे असं चालतं.

पण पडद्याखालची फट तर उशीच्या उंचीला होती. आणि या खोलीत येणारा प्रत्येक माणूस उभा असायचा.

ती पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसली आणि बाईच्या गालाशेजारी आपला गाल नेला. फटीतून आता नजर वर चढली. समोरच्या बुटक्या इमारतीची गच्ची, गच्चीच्या कठड्याच्या तुटक्या भागातून दिसणारा एक कोपरा, आणि त्या कोपऱ्यात, पुढचे दोन पाय हवेत उचललेला, जत्रेतल्या मेरी-गो-राउंडचा लाकडी घोडा. अंग पांढरं, खोगीर लाल. शेजारी एक माणूस मांडी घालून पोटाखालची झालर निळी करत होता.

‘‘अगंबाई,’’ कशावरून म्हणाली. ‘‘पिवळीच हवी होती.’’

नर्सबाई आधी बसायला तयार नव्हत्या. मग बसल्या, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. ‘‘मी हे फाइलमध्ये भ्रम म्हणून लिहिलं हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोनदा.’’

पाठोपाठ मोठ्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. त्यांचे गुडघे कुरकुरले, एक हात पलंगाच्या दांडीला, एक हात जमिनीला, असे ते मोठ्या कष्टाने खाली टेकले. पुष्कळ वेळ फटीतून बघत राहिले. तसंच बसून मग त्यांनी बाईला चारसहा प्रश्न विचारले, तारीख, वार, उलटे आकडे. बाईने सगळी उत्तरं दिली आणि वर विचारलं, ‘‘डॉक्टर, तुम्हाला उठायला कुणाला बोलावू का?’’

‘‘एक गाठ सुटली,’’ उठताना ते कशावरूनच्या कानाशी पुटपुटले. ‘‘दुसरी?’’

दुसरी खाली यंत्रात फिरत होती. कशावरून यंत्रासमोर जाऊन बसली. रोजचंच यंत्र, रोजचाच घरघराट. मिशीच्या मुळाशी काहीच निघालं नाही तर पेशीमागे एक हा निव्वळ योगायोग ठरेल आणि संध्याकाळी औषध लागेल. तिने आपल्या विचाराला उलटं टांगून पाहिलं. मला हे खरं वाटतंय, कशावरून? मला ते खरं हवंय म्हणून तर नाही? एरवी दुसऱ्यांना टोचणारा तो शब्द आज तिलाच टोचला.

यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटली, वळली, वर चढली. आधी मिशीतल्या पेशींचा आकडा आला, मग सहाव्याचा. तिने भागाकार केला. मग मदतनिसाला करायला लावला, आपलं उत्तर न सांगता.

‘‘एक आलं,’’ तो म्हणाला. ‘‘का हो? रडताय काय?’’

त्या संध्याकाळी औषधाची बाटली आली तशी परत गेली. डॉक्टरांनी स्वतः बजावलं, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, काही वेगळं दिसलं तर लगेच कळवायचं. कारण घराण्यातला झाला तरी विषाणूच तो, क्वचित कधी उलटत असेल, कुणी सांगावं. कशावरूनलाही ते पटलं.

काही दिवसांनी त्या दोघा भावंडांची आई आली. भावाने तिला सगळं समजावलं होतं, त्याला कळलं तसं. ती चिंचोळ्या चेहऱ्याची म्हातारी बाकावर बसली, अंबाडा सोडला आणि एकही ‘आई गं’ न म्हणता स्वतःच केस उपटून दिले. ‘‘पांढरे चालतात ना गं? माझ्याकडून गेलं की ह्यांच्याकडून, ते बघ एकदा.’’

तिच्या केसात सहावा नव्हता. म्हणजे तो बाबांचा. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

बहिणीला हे सांगायला कशावरून स्वतः वर गेली. ड्रायव्हर दारात उभा होता. बहीण ऐकून घेऊन खिडकीकडे बघत राहिली. घोडा आता गच्चीवर नव्हता, रंग वाळवून कुणीतरी नेला होता.

‘‘मला एक सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘तो माझ्यात आता झोपलाय, की मेलाय, की माझाच झालाय?’’

 हा प्रश्न कशावरूनला कधी पडलाच नव्हता. कधीकाळी घुसखोर म्हणून आलेला तो, शेकडो पिढ्या पेशीबरोबर मुकाट चालला, आता याला कोण म्हणायचं? आणि तो नुसताच पडून असतो, की चार दाण्यांच्या बदल्यात घराची काही कामं करतो?

‘‘माहीत नाही,’’ ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की ड्रायव्हरला वाटलं काही बक्षीसच लागलं. ‘‘खरंच माहीत नाही. बघायला हवं.’’

तेवढ्यात नर्सबाई ताजा आकडा घेऊन आल्या. ड्रायव्हर सवयीने दचकला. आजवर हा आकडा वाढला की वॉर्डात सगळ्यांचे चेहरे पडत, आवाज खाली जात.

‘‘वाढला?’’ त्याने विचारलं.

‘‘वाढला,’’ नर्सबाई म्हणाल्या.

‘‘किती?’’

‘‘पांढऱ्या पेशी वाढल्या, तितकाच.’’

ड्रायव्हरने बहिणीकडे पाहिलं. मग हात मिशीकडे गेला. मधे दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या फटी पडल्या होत्या, तरी त्याने उरलेल्या केसांना सावकाश पीळ दिला.

‘‘वाढू दे,’’ तो म्हणाला.